तिला लागू पडली, मग मला का नाही?

गेल्या आठवड्यात संध्याकाळी एक काकी आमच्या औषधांच्या दुकानात आल्या. पिशवीतून गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही द्या. दोन पाकिटं." स्ट्रिप टेल्मिसार्टनची होती. काकींना मी दहा-बारा वर्षं ओळखते. त्यांची बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन.

"काकी, ही तुमची नाही."

"ठाऊक आहे गं. धाकट्या जावेची आहे. तिचं बीपी कसं एकशे तीस-ऐंशीच्या वर जात नाही. आणि माझे पाय बघ." त्यांनी साडी घोट्याच्या वर धरली. दोन्ही घोटे सुजलेले, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटलेला. "तीन दिवस तिचीच घेतेय. तिला लागू पडते, मग मला का नाही पडणार?"

हा प्रश्न मी रोज ऐकते. शब्द बदलतात, माणसं बदलतात, प्रश्न हाच. एका घरात दोघांना साखर, एकाला एक गोळी, दुसऱ्याला तीन. एका चाळीत चौघांना दमा, चौघांचे पंप वेगळे. लोकांना वाटतं की डॉक्टर वेगळा म्हणून गोळी वेगळी, किंवा कंपनीवाला येऊन गेला म्हणून गोळी बदलली. कधी तसंही होत असेल. पण माझ्या पंचवीस वर्षांत मी बहुतेक वेळा पाहिलंय ते असं, की गोळी वेगळी असते कारण माणूस वेगळा असतो. चिठ्ठीवर गोळीचं नाव असतं, तीच का निवडली ते नसतं. आज त्या न लिहिलेल्या भागाबद्दल लिहायचं आहे. (माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आमचं मेडिकल चिपळूणला. वडिलांनी सुरू केलं, मी फार्मसीची पदवी घेऊन १९९९ पासून काउंटरमागे उभी आहे.

काकींची शंका खरी होती. सूज अ‍ॅम्लोडिपिनमुळेच होती. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, म्हणून दाब उतरतो. पण पुढच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे घोट्याशी, पाणी झिरपून साठतं. पाचाची गोळी दहाची झाली की हे जास्त होतं, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. काकींची तीन महिन्यांपूर्वी दहाची झाली होती. अशी सूज लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी हटत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडीला दिली तर मात्र बऱ्याचदा कमी होते. म्हणजे जावेची गोळी घ्यायचा काकींचा विचार अगदीच वेडा नव्हता.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "त्यांचं पोटॅशियम बघा ना, मागच्या रिपोर्टमध्ये ५.४ आलं होतं. म्हणून तर मी टेल्मिसार्टनला हात लावला नाही." या गटातल्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं. आधीच काठावर असलेलं पोटॅशियम आणखी चढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धाकट्या जावेला साखर आहे, लघवीतून प्रथिनं जातात, तिच्या मूत्रपिंडाला हीच गोळी राखते. एकीचं औषध दुसरीचा धोका होता, आणि दोघी एकाच चुलीवरचं जेवतात. काकींना दुसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं. अ‍ॅम्लोडिपिन परत पाचावर आली, जोडीला क्लोरथॅलिडोनची छोटी गोळी, जी पोटॅशियम खाली आणते. "आणि बोटांचे सांधे लाल होऊन दुखले तर लगेच सांगा," असंही डॉक्टरांनी बजावलं, कारण तिच्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं. प्रत्येक गोळीला असा एक शेपटीचा भाग असतोच. तो कोणाच्या अंगणात पडेल हे बघून निवड करायची असते.

बीपीचंच बोलतेय तर पुढचंही सांगते. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या जुन्या, स्वस्त आणि चांगल्या. पण काही जणांना त्यांनी कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला लागतो, तोही सुरुवातीला नाही, कधी कधी महिना-दोन महिन्यांनी. मग माणूस खोकल्याची बाटली न्यायला येतो. दोन बाटल्या झाल्या, तीन झाल्या, खोकला हटत नाही. तिसऱ्या बाटलीला मी विचारतेच, "बीपीची कुठली घेता?" अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आवळू शकतात. पण अर्धशिशी असलेल्या, दमा नसलेल्या मुलीला तीच प्रोप्रॅनोलॉल डोकेदुखी टाळण्यासाठी मिळते. साखरेच्या माणसाला ही औषधं द्यायची तर त्याला सांगून ठेवावं लागतं, की साखर उतरली तर छातीत धडधड आणि हाताची थरथर होईलच असं समजू नका, या गोळीने ती झाकली जाते. दरदरून घाम मात्र येतो. तो आला की साखर खा.

आता ज्या बाईमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, तिच्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी एकोणतीस वर्षांची मुलगी दर महिन्याला टेल्मिसार्टन ४० न्यायला यायची. लहान वयात बीपी सापडलेलं, सगळ्या तपासण्या झालेल्या. एका दुपारी, दुकानात कोणी नसताना आली. गोळ्यांची स्ट्रिप घेतली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते घरी तपासायचं किट आहे का?" मी किट काढलं आणि दोन्ही एका कागदी पिशवीत घातलं. पिशवी तिच्या हातात देता देता माझा हात थांबला. गर्भधारणेचं किट आणि टेल्मिसार्टन, एकाच पिशवीत.

विचारायला अवघड असतं हे. आपल्याकडे पाळी चुकल्याचं बाई नवऱ्याला आधी सांगेल की आईला, याचाही विचार करत असते, दुकानदारीण कुठली मध्येच. तरी विचारलं, "किट तुझ्यासाठी का?" ती लाजली, मान हलवली. मग तिला आत स्टुलावर बसवून सांगितलं. ही गोळी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना इजा करते. बाळ ज्या पाण्यात तरंगतं ते पाणी कमी होतं. चौथ्या महिन्यापासून पुढे धोका सर्वांत मोठा, त्यामुळे आज घाबरण्यासारखं काही नाही, पण ही गोळी पुढे चालू ठेवायची नाही. आणि डॉक्टरांना न विचारता बंदही करायची नाही, कारण वाढलेलं बीपी आईलाही भोवतं आणि बाळालाही. ती म्हणाली, "पण डॉक्टरांनीच दिलीय ना?" हो, दिली तेव्हा ती बरोबरच होती. दिली तेव्हा ती आई होणार नव्हती.

किटवर दोन रेघा आल्या. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेली आणि टेल्मिसार्टनच्या जागी लॅबेटॅलॉल आली, दिवसातून दोनदा. गरोदरपणात बीपीसाठी वर्षानुवर्षं वापरलेली ही गोळी. तिला दमा असता तर तीही चालली नसती, मग निफेडिपिन किंवा मेथिलडोपाकडे वळावं लागलं असतं. दमा आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं म्हणून तिने सांगितलं. लहानपणी होता, आता नाही, असं म्हणाली असती तरी डॉक्टरांनी दोनदा विचार केला असता. तिला दमा कधीच नव्हता.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. विशी ते चाळिशीतली बाई काही ठरावीक गोळ्या न्यायला आली, बीपीच्या, फिट्सच्या, मुरमांच्या, की एकदा हळू आवाजात विचारते. कोणी रागावतं. रागावू दे.

आमच्या गावाने २०२१ चा पूर पाहिला. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि आमचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. पाणी उतरल्यावर आत गुडघाभर चिखल आणि त्यात औषधांची खोकी. ते दिवस सांगत बसत नाही, ज्यांनी पाहिले त्यांना माहीत आहेत. दुकान बंदच होतं, म्हणून मी आरोग्य शिबिरात हात लावायला गेले. तिथे सगळ्यांना डॉक्सिसायक्लिन वाटायची होती. उंदरांच्या लघवीतून लेप्टो तापाचे जंतू पुराच्या पाण्यात, चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. सगळं गाव चप्पल न घालता चिखल उपसत होतं. मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभराच्या दोन कॅप्सूल.

वाटेल, यात काय निवड करायची, रांग लावा आणि द्या. पण रांगेतल्या प्रत्येक माणसापाशी थांबावं लागत होतं. बाई, दिवस गेलेत का? असतील तर डॉक्सी नको, डॉक्टरांच्या यादीप्रमाणे अ‍ॅझिथ्रोमायसिन. कडेवरच्या पोरालाही तेच, आठ वर्षांखाली डॉक्सी नाही. या घराण्यातली जुनी औषधं वाढत्या दातांतल्या कॅल्शियमला चिकटून दात कायमचे पिवळे-तपकिरी करायची. डॉक्सीने ते कमी होतं असं आता दिसतंय, आणि स्क्रब टायफससारख्या जिवावरच्या आजारात डॉक्टर लहान मुलालाही ती देतात. पण आजार झालेलाच नाही, नुसता टाळायचा आहे आणि दुसरं औषध हाताशी आहे, तेव्हा दातांचा विचार आधी. एक आई मुलीचं वय सांगताना घुटमळली. "आठच धरा, शाळेत आठ लावलंय." मुलीचे पुढचे दात नुकते पडलेले. आम्ही सात धरलं.

आणि एक गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती. गावात चिखल होता, पाणी सगळीकडे होतं, प्यायचं पाणी मात्र मोजून मिळत होतं. बाटल्या वाटून वाटून लोक घोट घोट पीत होते. एका आजोबांनी दोन्ही कॅप्सूल रात्री एका घोटासोबत गिळल्या आणि आडवे झाले. तिसऱ्या दिवशी आले ते घास गिळता येत नाही, छातीत मधोमध आग होते म्हणून. डॉक्सी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून ती खाऊन, भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्यानंतर आम्ही टेबलावर पाण्याचा जार ठेवला आणि माणसाला समोर उभं करून पेलाभर पाण्यासह गिळायला लावलं. अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध किंवा लोहाची गोळी त्यावर लगेच घेऊ नका, डॉक्सी अंगात शोषली जाणार नाही, हेही घसा बसेपर्यंत सांगितलं. आठवड्यापूर्वीपर्यंत पाण्याचा पेला हा निवडीचा भाग असेल असं मला सुचलं नव्हतं.

त्याच दिवसांत इन्सुलिनचाही प्रश्न आला. वीज नाही, फ्रीज वाहून गेलेले किंवा चिखलाने भरलेले. आम्ही मातीच्या माठाला ओलं फडकं गुंडाळून, इन्सुलिनची बाटली कोरड्या पिशवीत घालून आत ठेवायला सांगितलं. खेड्यापाड्यात जिथे फ्रीजच नाही तिथे लोक हे करत आलेत आणि ते चालतं. एरवीही इन्सुलिन देताना हे प्रश्न असतातच. डोळ्याला सिरिंजवरच्या रेघा दिसतात का? हात थरथरतो का? टोचून कोण देणार? बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक ४० युनिटवालं, पेनमधलं १०० युनिटवालं. १०० च्या सिरिंजने ४० ची बाटली ओढली आणि वीसच्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात वीस नाही, आठच युनिट गेले. उलटं झालं तर विसाचे पन्नास. ज्या घरात दोन प्रकारच्या सिरिंज मिसळू शकतात, तिथे महाग पडलं तरी पेन बरं, असं मी म्हणते. ज्या घरात पेनचे पैसे निघणार नाहीत, तिथे बाटली आणि लाल टोपीची सिरिंज, आणि नातवाला समोर बसवून तीनदा भरून दाखवायला लावते.

आता एक चूक सांगायची आहे, माझी.

२००६ चा मे महिना. आंब्याचा हंगाम भरात. साठीतले एक बागायतदार कंबर धरून आले. पेट्या उचलून उचलून पाठ गेली होती. "ती दुखण्याची गोळी द्या, मागे दिली होती ती." डायक्लोफिनॅक. चिठ्ठीशिवाय द्यायचं औषध नाही हे, हे तेव्हाही मला माहीत होतं. पण रांग होती, ओळखीचे होते, त्यांना पुन्हा बागेत जायचं होतं. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन. ते बीपीसाठी लोसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेलं औषध घेत होते. आमच्याच दुकानातून नेत होते. मी जोडून पाहिलं नाही.

मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी असते आणि नेणारी असते. दुखण्याच्या गोळीने आणणारी आखडते. लोसार्टनने नेणारी सैल होते. लघवीच्या गोळीने आणि मेच्या उन्हातल्या घामाने मुळात पाणीच कमी. गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंड थांबतं. नवव्या दिवशी त्यांची लघवी जवळजवळ बंद झाली, पाय सुजले, उलट्या. दवाखान्यात बारा दिवस काढावे लागले. डायलिसिसपर्यंत गेलं नाही. मूत्रपिंड पुन्हा चालू झालं, पण पहिल्यासारखं झालं नाही. त्यांचा मुलगा मला काही बोलला नाही. सगळी औषधं दाखवायला म्हणून पिशवी घेऊन आला आणि काउंटरवर ओतली. त्यात आमच्याच दुकानाच्या दोन पाकिटांवर माझ्या हाताने लिहिलेलं होतं: एकावर "बीपी, सकाळी", दुसऱ्यावर "१-१-१ जेवणानंतर".

पॅरासिटॅमॉल दिली असती तर कदाचित पाठ थोडी उशिरा थांबली असती. डॉक्टरांकडे पाठवलं असतं तर त्यांनी आठवडाभर लघवीची गोळी थांबवली असती किंवा नुसतं मलम दिलं असतं. त्यानंतर मी कोणालाही चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी दिलेली नाही. गिऱ्हाईक तुटतात. समोरच्या दुकानात मिळते, असं ऐकवून जातात.

म्हाताऱ्या माणसांबाबत मला एक आकडेमोड फार उपयोगी पडली, ती इथे देते, कारण रिपोर्टवर ती छापलेली नसते. आमच्या गल्लीतल्या एक आजी, वय ७८, वजन ४२ किलो, गळ्यात तुळशीची माळ. पंधरा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन. पायाला मुंग्या आणि आग म्हणून कोणीतरी प्रेगाबॅलिन ७५ सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. पंधरा दिवसांत आजी झोपाळल्या, चालताना भिंत धरू लागल्या, एकदा न्हाणीत पडल्या. घरचे म्हणाले, "वयच झालं आता." क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, १.२. प्रयोगशाळेच्या कागदावर ते जेमतेम नॉर्मलच्या वर.

पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? मूत्रपिंडाची गाळणी किती चालते त्याचा हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. तीस वर्षांच्या सत्तर किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.२ असेल तर उत्तर येतं ८९. आजींचं येतं २६. कागदावर तोच आकडा, आणि गाळणी एक तृतीयांशही नाही. प्रेगाबॅलिन जवळजवळ सगळी लघवीवाटेच बाहेर पडते. आजींच्या अंगात ती साठत होती. मी हा हिशेब एका चिठोऱ्यावर लिहून मुलाच्या हाती डॉक्टरांकडे पाठवला, जरा भीत भीतच. डॉक्टरांनी डोस एकदम खाली आणला, रात्री एकच छोटी. मेटफॉर्मिनही बंद केली. आणि बी-ट्वेल्व्ह तपासायला लावलं, ते खूप उतरलेलं निघालं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतली की बी-ट्वेल्व्ह कमी होतं, आणि माळकरी माणसाच्या ताटात ते मुळातच थोडं. मुंग्यांमधला काही भाग साखरेचा, काही भाग त्याचा. इंजेक्शनं झाली. महिनाभराने आजी दुकानापर्यंत चालत आल्या. पडल्या तेव्हा खुबा मोडला नाही, ही विठ्ठलाची कृपा.

माणूस काय खातो, कधी खातो, कधी झोपतो, हे चिठ्ठीत नसतं. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडवर "सकाळी नाश्त्याआधी" लिहिलेलं असतं. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळी करणारा माणूस सकाळी आठला घरी येतो, गोळी घेतो आणि न खाता झोपतो. दुपारी बायको हाक मारते तर ओ देत नाही. हे मी दोन घरांत पाहिलंय. नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या बायका आणि रमजानमध्ये रोजे धरणारे गोवळकोटकडचे काका, दोघांनाही मी महिनाभर आधीच डॉक्टरांकडे पाठवते. रोज्यात सकाळची गोळी इफ्तारला जाते, पहाटेच्या सहेरीची कमी होते. काहींना साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी देतात. "उपवास करू नका" म्हणून काही होत नाही. ते करणारच आहेत. मग गोळी उपवासाला जुळवून घ्यावी.

पैशाचंही तसंच. एक माणूस गोळ्या दिवसाआड घ्यायचा, पुरवून पुरवून. डॉक्टरांना सांगितलं नाही, लाज वाटली. बीपी उतरेना म्हणून डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली, म्हणजे खर्च आणखी वाढला, म्हणजे आणखी खाडे. मी त्याला म्हटलं, "डॉक्टरांना एवढंच सांगा, की महिन्याला अमुक रुपयांच्या पुढे जमणार नाही." त्याने सांगितलं. दोन जुन्या स्वस्त गोळ्यांवर बीपी आलं.

बाकी लहान लहान गोष्टी रोजच्याच. परशुराम घाटातून एसटी नेणाऱ्या ड्रायव्हरला सर्दीची झोप आणणारी गोळी द्यायची नाही, शिंका थांबवायला फेक्सोफेनॅडिनसारखी कमी झोपेची असते, ती डॉक्टरांकडून लिहून आणा म्हणायचं. त्याच सर्दीच्या गोळीने प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडकते. चार वर्षांच्या पोराला दम्याची पावडर जोरात ओढता येत नाही, त्याला पंप आणि पुढे जोडायची स्पेसरची नळी लागते. क्षयाच्या सरकारी गोळ्या वजनावर ठरतात, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. महिनाभरात वजन वाढलं की गोळी वाढू शकते, म्हणून वजनकाट्यावर उभं राहणं हेही उपचारातच येतं.

गणपतीत चाकरमानी मुंबईहून येतात आणि निम्म्यांच्या गोळ्या तिकडेच राहतात. "ती पांढरी, छोटी, बीपीची." पांढऱ्या छोट्या बीपीच्या गोळ्या माझ्याकडे ढिगाने आहेत. मी मुंबईला घरी फोन लावायला सांगते, स्ट्रिपच्या मागचा फोटो मागवते. कुवेतहून भावाने पाठवलेल्या डब्यावरचं नाव वेगळं असलं तरी आतलं औषध काय ते वाचता येतं. आरती सुरू व्हायची असते, माणूस घाईत असतो. तरी थांबवते.

ती एकोणतीस वर्षांची मुलगी आता एकतीसची आहे. बाळ झालं, सुखरूप, मुलगा. बाळंतपणानंतर बीपी राहिलंच, आणि अंगावर पाजत होती म्हणून डॉक्टरांनी एनालाप्रिल दिली. ती दुधातून फारच थोडी उतरते. म्हणजे आजार एक, बाई एक, आणि दीड-दोन वर्षांत तीन गोळ्या. तिच्या सासूला हे पटत नव्हतं. "आधीची काय वाईट होती?" असं काउंटरवर मलाच विचारलं. मी म्हटलं, "आधीची चांगलीच होती, मावशी. तेव्हा ती एकटी होती."

परवा ती बाळाला घेऊन आली. ताप होता. डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉलचं सिरप लिहिलेलं, आणि घरी मोठ्या जावेच्या मुलाचे उरलेले थेंब होते, तेच चमच्याने देऊ का, असं विचारत होती. मी तिला दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी धरून दाखवल्या. सिरपच्या एका चमच्यात, पाच मिलीत, १२५ मिलिग्रॅम. थेंबांच्या बाटलीत एका मिलीतच १००. चमचाभर थेंब म्हणजे ५००, मोठ्या माणसाची गोळी.

"किती किलोचा आहे?" मी विचारलं.

तिने पर्समधून लसीकरणाचं कार्ड काढलं. शेवटच्या ओळीत त्याच दिवसाची तारीख होती. "आठ किलो शंभर," ती म्हणाली. "येताना करूनच आणलं. तुम्ही विचारणार माहीत होतं."